काटेरावांची मापकाठी

फार फार मागे, रानातले पूल प्राणीच बांधत तेव्हाची ही गोष्ट. ओढ्यावर दोन लांब ओंडके टाकून झाले होते. त्यांच्यावर बांबूचे आडवे तुकडे बसवायचं काम मऊताई सशिणीकडे होतं, आणि ते तुकडे टेकडीवर कापायचं काम काटेराव साळिंदराकडे. दोघांनी अगदी सारख्या दोन मापकाठ्या करून घेतल्या होत्या.

एक दिवस पाणी भराभर चढू लागलं. मऊताईंची पिल्लं पलीकडच्या काठावर अडकली होती, आणि काटेरावांनी आणलेला एकेक तुकडा ओंडक्यांमधून सरळ ओढ्यात पडत होता.

"चार बोटं आखूड आहेत हो!" मऊताई ओरडल्या.

"माझ्याकडे मोजले तेव्हा बरोबर भरले," काटेराव फणफणले. "तुमचीच काठी वाढली असेल!"

"काठी कधी वाढते का? आणा तुमची इकडे."

दोन्ही काठ्या शेजारी ठेवल्या. काटेरावांच्या काठीच्या टोकाला दातांचे ठसे होते. विचार करताना काहीतरी कुरतडायची त्यांची सवय साऱ्या रानाला ठाऊक होती, फक्त त्यांना सोडून. त्यांचे फुललेले काटे खाली बसले. मऊताईंच्या काठीवर मापून त्यांनी कडुलिंबाची नवी काठी तोडली आणि टेकडीकडे धूम ठोकली.

नवा तुकडा खट्कन बसला, तसा मऊताईंचा जीव भांड्यात पडला. थोड्याच वेळात पिल्लं टुणटुण उड्या मारत अलीकडे आली.

काटेराव दमून टेकले, सवयीने काठी तोंडात घातली आणि थू थू करू लागले.

"कडू आहे," ते समाधानाने म्हणाले. "टिकेल."