दोन चर्चांचं गाव

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात ओढा एकच होता, पण चर्च दोन होती. एक वरच्या आळीत, दुसरं ओढ्यापलीकडे खालच्या आळीत. दोन्हीकडे शास्त्र तेच, गाणी तीच. तरीही वरच्या चर्चचा माणूस खालच्या चर्चची पायरी चढत नसे, आणि खालचा वरची. लग्नकार्यं वेगळी, नाताळच्या फेऱ्याही वेगळ्या.

कारण विचारलं तर दोन्हीकडची माणसं एकच उत्तर देत. “वरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा पाणी शिंपडून देतात, खालच्या चर्चमध्ये ओढ्यात बुडवून. जमायचं कसं?” मुलं हे ऐकून मोठी होत आणि पुढे आपल्या मुलांना तेच सांगत.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि गायरानातलं गवत अर्ध्यावर आलं. वरच्या आळीने काटेरी कुंपण घातलं आणि म्हटलं, “गायरान आमच्या बाजूला आहे.” खालच्या आळीचा गिदोन नावाचा गुराखी रोजच्यासारखा गुरं घेऊन गेला, तेव्हा मारामारी झाली आणि त्याचा हात मोडला. खालच्या आळीने मग ओढ्यावरची वाट अडवली. दोन्ही आळ्यांत हिंदू होते, ख्रिस्ती होते, पण आता जो तो आधी आपल्या आळीचा झाला.

आठ-दहा दिवसांनी वरच्या आळीतली एक बाई बाळंतपणात अडली. सुईण राहायची खालच्या आळीत. ती निघाली, पण ओढ्यावरच्या पोरांनी तिला परत पाठवलं. बाई वाचली. मूल गेलं.

त्या दिवसानंतर लोक घरात काठ्या उशाशी घेऊन झोपू लागले.

वरच्या चर्चचे पाळक होते अबनेर. मनाने मऊ, पण भिडस्त माणूस. ते चावडीवर गेले आणि पाटलांना म्हणाले, “पाटील, हे थांबायला हवं. दोन्ही आळ्यांना बोलवा. मी समेटाविषयी चार शब्द बोलतो.”

पाटलांनी त्यांना बसायला घोंगडी दिली. “काल खालचे पाळक सत्यवानही हेच म्हणून गेले. एक विचारू का? त्यांचा देव आणि तुमचा देव एकच ना?”

“एकच.”

“मग त्यांच्या घरी तुम्ही शेवटचं पाणी कधी प्यायलात?”

“कधीच नाही.”

“तुमचं भांडण किती वर्षांचं?”

“सत्तर.”

“आमचं हे गायरानाचं भांडण महिन्याभराचं आहे,” पाटील शांतपणे म्हणाले. “तुमचं मिटलं की या. मी स्वतः सगळ्यांना बोलावतो.”

पाळक घरी आले. पाटलांचा राग यावा असं त्यांना वाटत होतं, पण राग येईना. सत्तर वर्षं नुसत्या पाण्यावरून कोणी भांडतं का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी ते रिबकाबाईंकडे गेले. मंडळीत त्यांच्याहून म्हातारं कोणी नव्हतं.

“बाई, ते लोक आपल्यातून का गेले? खरं सांगा.”

रिबकाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“मी नऊ वर्षांची होते. आमचे वडील मंडळीचे पंच. तेव्हा चर्च एकच होतं, पण पुढच्या बाकांवर आम्ही बसायचो आणि ज्यांना गावाने हलकं ठरवलं होतं ते मागे जमिनीवर. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पेलेही दोन. एक आमचा, एक त्यांचा. एका रविवारी मागचा एक माणूस पुढे आला आणि त्याने आमच्या पेल्याला हात लावला. वडिलांनी तो त्याच्या हातातून हिसकावला. सगळा द्राक्षारस फरशीवर सांडला.  तो माणूस नुसता वडिलांकडे बघत राहिला. मग वळून बाहेर पडला, आणि त्याच्यामागे बावीस माणसं उठून गेली.”

“आणि बाप्तिस्म्याचं?”

“ते मग निघालं. खरं सांगायची लाज वाटली की माणूस दुसरं काहीतरी सांगतोच, पाळक.” सूप परत पुढे ओढत त्या म्हणाल्या, “तो माणूस म्हणजे गिदोनचा आजा.”

पाळकांनी हे हनोख मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तर सध्याचे मुख्य पंच होते. ते चपापले. “मेलेल्यांची पापं उकरून काय मिळणार? आपली मंडळी फुटेल. तुम्हालाही इथून जावं लागेल. जे चाललंय ते चालू द्या.”

पाळक आठवडाभर यावर विचार करत राहिले. मास्तर खोटं बोलत नव्हते. गप्प राहिलं तर घर राहणार होतं, मान राहणार होता. आणि ओढ्यापलीकडे गेलं तर कोण कसं वागेल, याची खात्री नव्हती.

रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले. उपदेश लिहून आणलेला होता, तो त्यांनी उघडलाच नाही. रिबकाबाईंनी सांगितलं ते सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, “मी आता खालच्या चर्चला चाललोय, क्षमा मागायला. ज्यांना यायचंय त्यांनी या.”

काही जण तावातावाने बाहेर पडले. बरेच जण खाली मान घालून बसून राहिले. पाळकांबरोबर सात माणसं निघाली. त्यांत रिबकाबाई होत्या, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून.

ओढ्यावर पोरांनी वाट अडवली. पण सुनेच्या आधाराने येणारी म्हातारी बघून ती बाजूला झाली.

खालच्या चर्चमध्ये सत्यवान पाळकांचा उपदेश चालू होता. दारात माणसं बघून ते थांबले. अबनेर पाळक आत आले आणि उभ्याउभ्याच बोलले.  “सत्तर वर्षांपूर्वी आम्ही तुमच्या माणसाच्या, गिदोनच्या आजाच्या, हातातून प्रभूचा पेला हिसकावला. त्यावर पांघरूण घालायला बाप्तिस्म्याची सबब पुढे केली. चूक आमची होती. आम्हाला क्षमा करा.”

 मग मागून गिदोन उठला. त्याचा हात अजून झोळीत होता.

“माझा आजा मरेपर्यंत यावर एक शब्द बोलला नाही,” तो म्हणाला. “मला वाटायचं, त्याला काही आठवतच नसेल. आज कळलं. तुम्ही माफी मागितली, मी ऐकली. पण आज लगेच ‘झालं गेलं’ म्हणा, असं मला कोणी सांगू नका.”

“नाही सांगणार,” अबनेर पाळक म्हणाले.

सत्यवान पाळक व्यासपीठावरून खाली उतरले. “आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. तुम्ही ख्रिस्ती नाहीतच, असं आम्ही आमच्या लेकरांना शिकवलं. तेही पापच. बसा पाळक, उपासना पुरी व्हायची आहे.”

ते आठही जण बसले. दुपारी अबनेर पाळक सत्यवान पाळकांच्या घरी जेवले.

दुसऱ्या दिवशी दोघे पाळक जोडीने चावडीवर गेले. पाटलांनी आपला शब्द पाळला आणि कोतवालाला दवंडी द्यायला सांगितलं. दोन्ही आळ्या आल्या, हातात काठ्या होत्याच. पाळकांनी उपदेश केला नाही. अबनेर पाळक एवढंच म्हणाले, “गिदोनचा हात बरा होईपर्यंत त्याची गुरं काल माझ्याबरोबर आलेल्या सात जणांच्या घरची माणसं चारतील. आणि आमची स्वतःची गुरं दिवसाआड गायरानात जातील, मधला दिवस खालच्या आळीचा.” सत्यवान पाळक म्हणाले, “आमची माणसं आजपासून ओढ्यावर बसणार नाहीत. कोणी अडवलं तर आम्ही मध्ये उभे राहू.”

ज्या बाईचं मूल गेलं होतं, तिचा नवरा गर्दीत होता. तो रडू लागला. त्याच्या शेजारच्या माणसाने हातातली काठी हळूच भिंतीला टेकवली.

सगळं काही एका दिवसात सुरळीत झालं नाही. कुंपण निघायला दोन महिने लागले. वरच्या मंडळीतली चार घरं चर्च सोडून गेली. हनोख मास्तर कित्येक महिने पाळकांशी बोलले नाहीत. चर्चही दोनच राहिली. एकीकडे पाणी शिंपडत, दुसरीकडे बुडवत, पण आता एकमेकांच्या बाप्तिस्म्याला लोक नारळीभाताचं पातेलं घेऊन जाऊ लागले.

पुढच्या ईस्टरला दोन्ही मंडळ्यांनी सकाळची प्रार्थना गायरानात एकत्र केली. गिदोन आला नव्हता. गाणं सुरू झाल्यावर तो वाटेवर दिसला. थोडा वेळ लांबच उभा राहिला. त्याला कोणी हाक मारली नाही. मग तो माणसांमधून वाट काढत रिबकाबाईंच्या सतरंजीपाशी आला.

“आजी,” तो म्हणाला, “जरा सरका.”

रिबकाबाई सरकल्या.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: दुसऱ्यांचं भांडण मिटवायला निघालेल्याने आधी आपल्या भांडणाचं खरं कारण कबूल करावं, आणि क्षमा मागणं आपल्या हाती असलं, तरी ती कधी द्यायची हे ज्याला दुखलं त्याने ठरवावं.