सटवाजीचा य

“मेलेल्या माणसाची माफी कुणाकडं मागायची, माय?”

गिरजामाय बारवेच्या काठावर बसून शिंदीचा झाडू बांधत होती. शेजारच्या मठीत ती एकटीच राहायची. तिनं मान वर केली नाही.

“मेला कधी?”

“झाली असतील चारशे वर्षं.”

“आणि भांडण?”

“तीन महिन्यांपूर्वी.”

दुसऱ्या कुणी हेरंबला वेड्यात काढलं असतं. मायनं झाडूची दोरी दातांत धरून आवळली, बस्स.

हेरंब जुन्या बारवांचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचा, अभ्यासक, आणि त्या अभ्यासाचा त्याला तोरा केवढा! दिवाळीनंतर मोजमाप घेताना तो पाण्यालगतच्या देवळीत, भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यात, वाकून शिरला आणि बाहेर निघाला तो याच बारवेत. पण बारव कोरी करकरीत, अर्धवट बांधलेली, आणि समोर छिन्नी घेऊन सटवाजी पाथरवट. घाबरायचं सोडून दोघं आधी एकमेकांच्या कपड्यांना हसले. तिथून जी गट्टी जमली, ती जमलीच. हेरंब रोज जायचा. सटवाजीची भाकरी खायचा, त्याच्याकडून दगड ओळखायला शिकायचा आणि त्याला कोळशानं अक्षरं शिकवायचा.

“मग बिनसलं कुठं?”

“य वर.”

मायनं दोरीचा आणखी एक फेरा घेतला.

“त्याला य यायचाच नाही, माय. य काढायला जायचा आणि थ व्हायचा. ‘येतो’ लिही म्हटलं की ‘थेतो’! मी सगळ्या पाथरवटांसमोर खदाखदा हसलो. म्हणालो, या जन्मी तुझ्या हातून य होणार नाही. त्यानं छिन्नी खाली ठेवली. माफी मागायची सोडून मी ताडकन उठलो.”

“निघताना काय म्हणालास?”



“जातो म्हणालो.”

मायचे हात थांबले. आपल्याकडं निघताना कुणी असं बोलतं का? पोरंसोरंसुद्धा ‘येतो’ म्हणतात.

“दुसऱ्या दिवशी देवळी बंद. नुसता दगड. तो काय समजला असेल, माय? मित्र म्हणवणारा माणूस तोंडावर हसला आणि कायमचा गेला...”

“पायऱ्या पाहिल्यास?”

“इंच न इंच मोजल्यात. बावन्न आहेत.”

“मोजल्यास. झाडल्यास का?”

तिनं नवा झाडू त्याच्या हातात दिला. हेरंबला राग आला. एवढा शिकलेला माणूस, मनातलं सांगायला आला आणि ही बया झाडलोट करायला लावते! पण विचारायला दुसरं होतं तरी कोण? तो मुकाट्यानं झाडायला लागला.

वैशाखानं पाणी पार तळाला नेलं होतं. मोजलेल्या बावन्न पायऱ्यांखाली आणखी पाच पायऱ्या गाळात होत्या. तो हातांनी गाळ उपसू लागला.

पहिल्या पायरीच्या उभ्या अंगावर कोरलं होतं, थ. शेजारी आणखी एक थ. दुसरीवर थ, थ, थ. तिसरीवर थ चा वेढा जरा सुटला होता. चौथीवर तो अर्धामुर्धा य होता, लंगडा, पण य च.

पाचवीवरचा गाळ त्यानं सदऱ्याच्या बाहीनं पुसला.

“हेरंब येतो म्हणाला.”

य असा घोटीव, की मास्तरानं शाबासकी द्यावी.

हेरंब त्या पायरीवर फतकल मारून बसला आणि हसत हसत रडला. खोटारडा! चक्क दगडावर खोटं कोरून ठेवलं त्यानं! तीन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. भूकसुद्धा लागली.

चिखलानं माखलेला तो वर आला, मायच्या पायांशी झाडू ठेवला, आणि काय वाचलं ते सांगितलं.

“मी जातो म्हणालो होतो, माय. त्यानं येतो ऐकलं!”

“हं.”

“आता बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय.” त्यानं वाकून नमस्कार केला. “माय, येतो.”

“मला काय सांगतोस? खाली सांगून ये.”