चारशे बारा टिपा

सन २०१३, वैशाख महिना. एका विद्यापीठात दत्ताराम खोत नावाचा इतिहासाचा विद्यार्थी होता. जुन्या आठवडी बाजारांवर त्याने पाच वर्षे खपून प्रबंध लिहिला होता. त्यात चारशे बारा तळटिपा होत्या. प्रत्येकीचा आकडा त्याने स्वतः घातला होता, आणि त्याचा त्याला ताठा होता.

गणित विभागातली शाहीन मुजावर त्याला कँटीनमध्ये म्हणाली, "दादा, प्रबंध लिहायचं एक सॉफ्टवेअर आहे. टिपांचे आकडे तेच घालतं. पैसे पडत नाहीत."

"फुकटचं गणितवाल्यांना राहू दे. आम्ही विचार लिहितो."

त्याच्या विभागातली मंडळी हसली. शाहीन चहा संपवून उठली.

प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "दुसऱ्या प्रकरणात एक टीप राहिली आहे, घाला." टीप घातली आणि पुढचे सगळे आकडे चुकले. चार दिवस बसून त्याने ते सुधारले. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "पहिल्या प्रकरणातही एक हवी." मुदत चुकली तर नोंदणी रद्द होणार होती.

दत्ताराम गणित विभागाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"किती झाल्या?" शाहीनने विचारले.

"चारशे तेरा. अजून एक घालायची आहे."

"बसा."

त्या सॉफ्टवेअरला प्रत्येक टीप कंसात लिहून द्यावी लागे; पहिल्या दिवशी एक कंस मिटायचा राहिला, म्हणून पानच उमटेना. तो चिडला. ती म्हणाली, "पाच वर्षं बाजार शोधलेत. आता एक कंस शोधा." त्याने शोधला. आठवड्याने त्याने बाईंची टीप घातली. पुढचे आकडे आपोआप सरकले. प्रबंध मुदतीत गेला.

"तुझं काय देणं लागतो?" त्याने विचारले.

"मला शिकवणाऱ्यानं काही घेतलं नाही. तुमच्या विभागातल्या दोघांना शिकवा. हसतील त्यांनाच."

त्याने कँटीनमध्ये सॉफ्टवेअर शिकवायची गोष्ट काढली. "खोत गणितात गेले," म्हणून मंडळी हसली. पूर्वी तो उठून गेला असता. आता बसून राहिला. रोज दुपारी ग्रंथालयात शेजारची खुर्ची रिकामी ठेवून काम करू लागला. आषाढात एक जण आला. सगळ्यांत मोठ्याने हसलेला मार्गशीर्षात आला.

तो शिकून उठला, त्या दिवशी दत्ताराम गणित विभागात गेला.

"दोघे झाले," तो म्हणाला.

"फिटलं," शाहीन म्हणाली.

तात्पर्य: शिकायला लाजणारा आपलेच काम वाढवतो, आणि फुकट मिळालेल्या विद्येचे देणे दुसऱ्याला शिकवूनच फेडावे लागते.