जाळ्यातला श्वास

“नारळ वाहिला, हळदकुंकू लावलं, दर्याचं दर्याला परत दिलं. आता आणखी काय पाहिजे त्याला?”

हिराजी नाखवाने असं तावातावाने विचारलं, जणू मेलेल्या डॉल्फिनचा वकीलच समोर बसला होता.

समोर होते लतीफबाबा. ओहोटीला पायी जाता येईल अशा खडकावर एक पीर आहे, तिथले हे म्हातारे फकीर.

हिराजीच्या जाळ्यात डॉल्फिन सापडून मेला, त्या दिवसापासून त्याच्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेई. ओला, मोठा श्वास. होडीत, घरात, भर दुपारी ताटावर बसल्यावरसुद्धा. खलाशांनीही तो ऐकला होता. त्याच्या होडीवर आता कुणी पाय ठेवत नव्हतं, आणि ऐन हंगामात होडी वाळूत पडली होती.

हिराजी पुरता घाबरला होता. पण कबूल करील तर तो हिराजी कसला!

“ताईत द्या बाबा. आवाज बंद झाला पाहिजे.”

“मेला कधी तो?”

“रात्रीत कधीतरी. सांजेला जाळं लावून आम्ही घरी येतो, पहाटे जाऊन काढतो. सगळं बंदर तेच करतं. जाळं कुठे पळून जातंय?”

बाबा पुढे सरकले.

“श्वास घेतल्याचा आवाज येतो... आणि सोडल्याचा?”

हे हिराजीने बायकोलाही सांगितलं नव्हतं. सोडल्याचा आवाज कधी येतच नसे. तो वाट बघत राही, आणि वाट बघता बघता त्याचाच श्वास छातीत अडके. बायकोने गदागदा हलवलं की मग सुटे.

“नाही येत,” तो म्हणाला.

“तो मासा नव्हे. तुझ्यामाझ्यासारखी हवा लागते त्याला.”

“दर्यात जन्म गेला माझा, बाबा. मला शिकवता?”

“मग धर श्वास. मी हात वर केला की सोड. आधी सोडलास तर ताईत नाही.”

हिराजी हसला. अडकलेला नांगर बुडी मारून सोडवणारा गडी तो. त्याने छाती भरून घेतली आणि तोंड मिटलं.

बाबा उठले. चपला घातल्या, आणि मागच्या झोपडीत निघून गेले.

येतील आता, हिराजीला वाटलं...

झोपडीतून भांड्यांचा आवाज आला. मग तोही थांबला. हिराजीच्या कानात ढोल वाजू लागले. बोटांनी त्याने खडक घट्ट धरला. बाबांना हाक मारावी, तर श्वास जाणार. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाण्याबाहेर बुडण्याची भीती वाटली.

शेवटी फुटलाच श्वास.

आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे आणखी कुणीतरी सोडला. लांब, सावकाश. हिराजीची मान खाऱ्या पाण्याने भिजली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो रडत होता.

बाबा तोंड पुसत बाहेर आले.

“मेलो असतो मी,” हिराजी म्हणाला. “मला असं अडकवून तुम्ही गेलात कुठे?”

“भाकरी खायला,” बाबा म्हणाले. “जाळं कुठे पळून जातंय?”