शिडीवरचे दोन अमात्य

पूर्वी कमलपुरात पृथुसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व सुताराच्या घरी जन्मले होते. दरबारातली आसने तेच घडवीत.

त्या दरबारात राजाहून उंच बसणाऱ्याला हद्दपार करीत. त्याखाली कितीही उंच बसायला मोकळीक होती. अमात्य विरोचनाने आपले आसन बोटभर वाढवले. ते पाहून अमात्य कंपिल्लाला जेवण गोड लागेना, त्याने दोन बोटे वाढवली. मग राजाचे सिंहासनही उचलणे आले. वर्षभरात तिघे छताला टेकले आणि शिडीने चढू-उतरू लागले. बोधिसत्त्वांना प्रत्येक वेळी इनाम मिळे, आणि प्रत्येक वेळी स्वतःची लाजही वाटे.

एके सकाळी सुभगा नावाची म्हातारी धापा टाकत आली. "महाराज, आमच्या तळ्याचा बांध खचतोय! दुपारपर्यंत गाव वाहून जाईल. माणसं द्या, लाकडं द्या!"

"काय म्हणतेय ती?" राजाने वरून विचारले.

"मला आशीर्वाद देतेय," विरोचन म्हणाला.

"तुला कशाला देईल? मलाच देतेय," कंपिल्ल म्हणाला.

म्हातारी रडू लागली. बोधिसत्त्वांना राहवेना. इनामावर पाणी सोडून ते ओरडले, "महाराज, तुम्हाला एवढं वर मीच चढवलं, चूक माझी. खाली या, म्हणजे ऐकू येईल."

दरबार गारठला. राजा मात्र उतरला आणि म्हातारीशेजारी जमिनीवर बसला.

आता दोघे अमात्य राजाहून उंच झाले! "शिडी! माझी शिडी कुठाय?" दोघेही किंचाळले. दुसऱ्याला जेवायला उतरता येऊ नये म्हणून प्रत्येकाने नोकराकरवी दुसऱ्याची शिडी पळवली होती.

"दोघांना हद्दपार करा," राजा म्हणाला.

"नको, महाराज. गावाला लाकूड हवंय," असे म्हणून बोधिसत्त्वांनी करवत काढली आणि आसनांचे पाय हात-हातभर कापायला घेतले.

"आधी त्याचं काप!" विरोचन वरून ओरडला.

"नाही, त्याचंच!" कंपिल्ल ओरडला.

दोघे हळूहळू जमिनीवर आले. मग सिंहासनाचेही पाय कापले. ते सगळे ओंडके अमात्यांनी स्वतःच्या खांद्यावरून नेले, बांधात ठोकले आणि गाव वाचले.

प्रवचनाला पुढच्या जागेसाठी एकमेकांना कोपराने ढकलणाऱ्या दोन भिक्षूंना त्यांच्या गुरूंनी, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा सांगितली. "ते अमात्य म्हणजे तुम्ही दोघे. राजा म्हणजे मागे मुकाट बसलेले हे वृद्ध स्थविर, म्हातारी म्हणजे दारातली उपासिका आणि सुतार मीच."

दोघे खजील होऊन उठले. सर्वांत मागे कोणी बसायचे, यावरून त्यांची पुन्हा जुंपली.

शास्ते हसले. "या कथेतला गुण नम्रता," ते म्हणाले, "तो शिकायला यांना आणखी एक जन्म लागणार."