तांबटाची छकडी आणि काळं वंगण

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं, मनात आलं तर, ऐकत असत.

एका गावात एक तांबट राहत होता. भांडं घासायला घेतलं, की त्यात स्वतःची मिशी दिसेपर्यंत तो सोडत नसे. त्याचा सगळा जीव दोन बैलांवर. थोरला पवळ्या, धाकटा कवड्या. वासरं होती तेव्हापासून त्याने त्यांना हाताने भरवलं होतं.

त्या राज्यात दरसाल छकड्यांची शर्यत होई. रिवाज कडक होता. हरणाऱ्याला शिक्षा नव्हती. पण ज्याची छकडी मध्येच अडून बसेल, त्याने आपले बैल जिंकणाऱ्याच्या हवाली करायचे.

तांबटाने एका म्हातारीकडून शर्यतीची जुनी छकडी विकत घेतली. जू ठोकून पाहिलं, चाकांभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, वाजवून पाहिली.

"आणखी काही विचारायचंय?" म्हातारी म्हणाली.

"नाही मावशी, सगळं पाहिलं."

घरी येऊन त्याने चाक काढलं आणि तो दचकलाच. आस ज्यात बसतो, त्या मधल्या तुंब्यात काळंकुट्ट, चिकट, तागाचे धागे मिसळलेलं वंगण!

"हे वंगण आहे, की करपलेली खीर?" असं म्हणत त्याने ते राखेने घासून पार काढून टाकलं.

आता तेल कोणतं घालावं? तो मागच्या साली जिंकलेल्या माळ्याकडे गेला.

"मी गाळलेलं तिळाचं तेल घालतो," माळी म्हणाला. "चाक भिंगरीसारखं फिरतं बघा."

तांबटाने तेच घातलं. बोट लावताच चाक गरगरलं. तो खूश झाला.

पवळ्या म्हणाला, "धनी, तेल खाली गळतंय."

"जास्तीचं असेल ते गळणारच रे!"

शर्यतीत तांबटाची छकडी सुरुवातीपासून पुढे होती. शेवटचं निशाण दिसू लागलं, तेवढ्यात डावं चाक किंचाळलं.

"धनी, जळका वास येतोय!" कवड्या ओरडला.

"थोडंच राहिलंय, पळा!"

तुंब्यातून धूर निघाला, मग ज्वाळ. चाक जागीच अडकलं आणि छकडी कलंडली. तांबटाला खरंच वाटेना. त्याने चाकाला हात लावून पाहिला, तो पोळला. शेजारून माळ्याची छकडी निघून गेली.

माळी जिंकून परत आला, तेव्हा तांबट त्याच्यावर धावून गेला. "फसवलंत मला!"

"फसवलं? माझ्या चाकात तेच तेल आहे, बघा की! पण माझ्या तुंब्यात नवी लोखंडी नळी बसवलीय, घट्ट. तुमच्या?"

तांबटाने वाकून पाहिलं. नुसतं लाकूड, तेही झिजलेलं. आसाभोवतीच्या फटीत बोट जाईल, एवढी जागा.

गर्दीतून म्हातारी पुढे आली. "आणि काळं वंगण कुठंय?"

"घासून काढलं. घाण होती."

म्हातारीने कपाळावर हात मारला. "अरे, त्यानंच तर फट भरली होती! एरंडेल आणि काजळी, तागात मळलेली. पातळ तेल तिथं ठरणार कसं?"

"मग सांगितलं का नाहीस, मावशी?"

"आणखी काही विचारायचंय का, असं मी म्हणाले होते ना?"

माळ्याने खाली मान घालूनच बैलांच्या वेसणी हातात घेतल्या. जाता जाता पवळ्या थांबला.

"धनी, माळ्याच्या छकडीला काय चालतं, ते तुम्ही विचारलंत. आपल्या छकडीला काय लागतं, ते कुणालाच विचारलं नाहीत. आम्ही सांगत होतो, तेही ऐकलं नाहीत."

त्यानंतर कुणी काळं भांडं घेऊन आलं, की तांबट आधी विचारी, "हा काळेपणा काढायचा, की ठेवायचा?" लोक हसत. तो मात्र हसत नसे. रिकाम्या गोठ्याकडे बघत उत्तराची वाट पाही.

तात्पर्य: दुसऱ्याला काय मानवलं ते पाहून नव्हे, तर आपल्या वस्तूची घडण पाहून तिला काय लागतं ते ठरवावं.