शीग घाटाची

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तांदूळ तराजूत तोलत नसत, मापाने मोजत. डोंगरावर एक छोटंसं राज्य होतं. तिथे भाताखेरीज फारसं काही पिकत नव्हतं, आणि बाहेरच्या जगात उतरायला एकच घाट होता.

पण त्या राज्याची पेठ मोठी नांदती होती. व्यापारी भात विकत घ्यायचे, माणसं लावून तो कांडून घ्यायचे आणि तांदळाच्या गाड्या घाटाखाली धाडायचे. प्रत्येक गाडीमागे पायलीभर तांदूळ राजाच्या कोठारात द्यायचा, असा रिवाज होता. ही पायली सपाट चालत नसे. माप काठोकाठ भरलं की वर आणखी रास रचायची, तिला म्हणायचं शीग. पायलीतून राज्याचा कारभार चाले आणि शिगेतून घाट राखणाऱ्यांची पोटं भरत. म्हणून लोक म्हणायचे, "पायली राजाची, शीग घाटाची."

पुढे राजा वारला आणि त्याची मुलगी गादीवर बसली. राणी मनाने चांगली होती, कष्टाळू होती. खोड एकच. जो सगळ्यांत शेवटी बोलेल, त्याचं तिला पटायचं.

एके दिवशी पेठेतला सर्वांत बडा व्यापारी, नगरशेठ, दरबारात आला. हात जोडून म्हणाला, "राणीसाहेब, घाटाखालच्या राज्यात सपाट पायली घेतात हो! आम्ही इथे शीग ओतून ओतून मेटाकुटीला आलो. शीग माफ करा. वाचलेल्या तांदळातून आम्ही नवी कांडपघरं काढू, रिकाम्या हातांना काम देऊ. नाहीतर मला माझी पेढी उचलून खाली जावं लागेल."

राणीला पटलं.

मग म्हातारे कारभारी उठले. "व्यापारी रडला नाही असं एकही वर्ष मी पाहिलेलं नाही, बाईसाहेब. शीग गेली की घाट गेला म्हणून समजा."

राणीला तेही पटलं.

झालं! दरबारात दोन तट पडले, शीगवाले आणि सपाटवाले. शिगेवरून निघालेला वाद बघता बघता शिगेला पोचला. पारावर तेच, पाणवठ्यावर तेच. घरात बायको शीगवाली आणि नवरा सपाटवाला असला, तर त्या बिचाऱ्याच्या ताटात भात अगदी मोजका, सपाट पडायचा. वर ती म्हणायची, "तुमच्याच पक्षाचा आहे, जेवा मुकाट्याने."

लोकांना गंमत वाटत होती, पण राणीच्या घशाखाली घास उतरेना. शीग ठेवली आणि व्यापारी निघून गेले, तर पेठ ओस पडणार. शीग काढली आणि घाट ढासळला, तर तांदूळ जागच्या जागी सडणार. दोन्हीकडून राज्य उपाशी मरणार, आणि ते आपल्या हातून! शेवटी एकदाची तिने शीग माफ केली. का? तर त्या दिवशी शेवटी नगरशेठ बोलला होता.

पेठेत साखर वाटली गेली. मापाड्याने पायलीवरून काठी फिरवून माप सपाट केलं, आणि शीग ज्याच्या त्याच्या पोत्यात परत गेली.

तिथून ती कुठे गेली? पेठेच्या टोकाला एक विधवा बाई नवऱ्यामागे छोटासा व्यापार सांभाळत होती. तिने वाचलेल्या तांदळावर नवं कांडपघर उभारलं आणि गावातल्या कितीतरी बायाबापड्यांना कामाला घेतलं. नगरशेठनेही बांधकाम काढलं. वाड्यावर नवा मजला चढवला आणि त्यात चांदीचा झोपाळा टांगला. कांडपघराचं कुणी विचारलं, की झोका घेत तो म्हणायचा, "होईल हो, सवडीने होईल."

इकडे घाट राखणाऱ्यांच्या चुली थंडावल्या. बिचारे एकेक करून दुसरीकडे मजुरीला गेले. घाटात सैल झालेला दगड बसवायला कुणी उरलं नाही, तुंबलेलं गटार उपसायला कुणी उरलं नाही. आणि ऐन श्रावणात धाडकन दरड कोसळली.

खबर कळताच राणी कारभाऱ्यांना घेऊन घाटात गेली. पाहते तर काय, ती पेठेच्या टोकाची बाई आपल्या कांडपवाल्यांसह चिखलात उभी राहून दगड हलवत होती. एका बाजूला त्यांच्यासाठी भाताचं पातेलं चुलीवर चढलेलं होतं.

"बाई, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?" राणीने विचारलं.

"सांगायला कशाला हवं, बाईसाहेब? माझ्याही गाड्या अडल्यात. आणि शीग तर घाटाचीच ना? तुम्ही मापावरून उतरवलीत, म्हणून ती माझी थोडीच झाली?"

राणीचा चेहरा उतरला. तिला स्वतःची लाज वाटली.

कारभारी मात्र खुलले. "मी म्हणत नव्हतो? आता सगळ्यांवर पुन्हा पुरती शीग बसवा!"

"आणि हिच्यावरही?" राणी म्हणाली. "व्यापाऱ्यांनी दिलेला शब्द हिने पाळला, नवे हात कामाला लावले. हिला शिक्षा कशाची?"

तेवढ्यात नगरशेठची पालखी आली. त्याच्याही गाड्या दरडीमागे भिजत उभ्या होत्या. तो रागाने लालबुंद झाला होता. "काय हा कारभार! रस्ता मोकळा करा, नाहीतर मी आजच्या आज पेढी उचलून खालच्या राज्यात जातो!"

या वेळी राणी कुणाच्या शेवटच्या शब्दासाठी थांबली नाही. ती शांतपणे म्हणाली, "जा ना, शेठजी. पण जाणार कुठल्या वाटेने?"

नगरशेठने दरडीकडे पाहिलं. दरडीमागे अडकलेल्या आपल्या गाड्यांकडे पाहिलं. कांडपवाल्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. नगरशेठ आधी ओशाळला आणि मग, माणूस मुळात वाईट नव्हता, तोही हसला. पालखीतून उतरून त्याने धोतर खोचलं आणि पहिला दगड उचलला.

दरड हटली तशी राणीने तिथेच, चिखलात उभं राहून आज्ञा केली. "आजपासून अर्धी शीग घाटाची, ती कुणालाच माफ नाही. उरलेली अर्धी कामाची. जो तिच्यातून नवे हात कामाला लावेल, त्याला ती माफ. जो झोपाळा टांगेल, त्याने ती कोठारात आणून ओतावी."

शीगवाले म्हणाले, आम्ही जिंकलो. सपाटवालेही तेच म्हणाले. नवऱ्यांच्या ताटात पुन्हा पोटभर भात पडू लागला.

घाट राखणारे परत आले, त्यांच्या चुली पेटल्या. पुढच्या सुगीला नगरशेठने झोपाळा मोडून त्या चांदीवर मोठं कांडपघर काढलं. तिथल्या मुसळांचा आवाज पहाटे घाटापर्यंत ऐकू यायचा. आणि त्या राज्यात कुणी फार मोठ्या गप्पा मारू लागला, की म्हातारीकोतारी माणसं अजून त्याला एवढंच विचारतात, "ते राहू दे. शीग कुठे गेली, ते दाखव."

लहानथोरांनो, गोष्ट विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: सूट मागणाऱ्याचं तोंड पाहू नये, सूट मिळाल्यावर त्याचे हात पाहावेत.